कोरड्या कुंडांचा फोटो

मुंबईकडच्या माणसांना हवा खायला समुद्र असतो. आम्हा उज्जैनकरांना कालियादेह होतं. भैरवगढच्या पुढे शिप्रेला लागून उभा असलेला जुना महाल, त्याच्या पायाशी दगडी कुंडं, आणि एका कुंडातून दुसऱ्यात उतरणारं नदीचं पाणी. बांधणाऱ्याने तो उन्हाळ्यात गारवा मिळावा म्हणून बांधला असेल, पण आमच्या काळात उन्हाळ्यात नदीच आटायची, त्यामुळे तिथला मोसम श्रावणाचा. कुंडांच्या काठांवरून पाणी पडायला लागलं की ग्वाल्हेर दरबारच्या चाकरीतली मराठी घरं टांगे करून तिकडे निघायची. पुरुष पत्ते कुटायचे, बायका पाण्यात पाय सोडून बसायच्या, आणि माझे वडील काठावर कॅमेऱ्याची तिपाई लावून सगळ्यांचे फोटो काढायचे.

वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. फ्रीगंजात, टावर चौकाजवळ, त्यांचा स्टुडिओ होता. दर्शनी काचेत वर्षभर एकच मोठा फोटो असे आणि तो कालियादेहचाच असे. श्रावणात नवा लागे, जुना उतरे. चौकात आलेला माणूस त्या काचेपुढे थांबायचा, आपल्या ओळखीचं कोण दिसतंय ते शोधायचा आणि मग आत येऊन स्वतःचा फोटो काढून घ्यायचा. दादांचं दुकान त्या काचेवर चालायचं असं म्हटलं तरी चालेल.

राज्य विलीन झालं तेव्हा मी शाळेत होते. मग मध्य भारत प्रांत आला, आणि माझं कॉलेज संपेपर्यंत तोही मोडून मोठा मध्य प्रदेश होणार अशी बोलणी सुरू झाली. घरोघरी एकच विषय: कचेरी कुठे जाणार, भोपाळला कुणाची बदली होणार, तिथलं पाणी कसं आहे. दरबारच राहिला नाही, तर दरबारची सहल कुठली? एक-दोन श्रावण चार-दोन कुटुंबं सवयीने जाऊन आली, मग तीही थांबली. काचेतला फोटो उन्हाने पिवळा पडत गेला. दादा तो बदलेनात आणि उतरवूनही ठेवीनात. दुकानात आता येणारे लोक नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायचे, कानाच्या पाळ्या दोन्ही दिसल्या पाहिजेत म्हणून मान ताठ धरून बसायचे, आणि काचेकडे बघायचेही नाहीत.

फोटो रंगवण्याचं काम आईचं. तेव्हा सगळे फोटो काळे-पांढरेच निघत आणि ज्याला हौस तो रंगवून घेई. स्वयंपाकघराच्या खिडकीशी तिचा पाट, शेजारी तेलरंगांच्या नळ्या, काडीला गुंडाळलेला कापूस आणि टर्पेंटाइनची बाटली. नवरीचा शालू कुठल्या रंगाचा होता हे आईने कधी कुणाला विचारलं नाही. नवरीला हिरवा शोभतो, मुलाला निळा, म्हाताऱ्या माणसाच्या मागे पडदा मोतिया रंगाचा, हे तिचं ठरलेलं. लोक खूश होऊन घेऊन जायचे. एका बाईंनी तर लग्नातला जांभळा शालू टाकून फोटोसारखा हिरवा घेतला, असं आई मोठ्या अभिमानाने सांगायची.

आणि मी? मला कॅमेऱ्यामागे उभं राहायचं होतं. काचेच्या प्लेटा धुण्यापासून प्रिंट काढण्यापर्यंत सगळं मी दादांच्या हाताखाली शिकले होते, पण गिऱ्हाईक समोर बसलं की काळ्या कापडाखाली डोकं घालायचं ते दादांनी. मी तेवढा वेळ पडदा धरायचा. माझ्या नाकावर राग कायमचा वस्तीला असे. घरात म्हणायचे, हिला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्या उन्हाळ्यात ग्वाल्हेरहून एका स्थळाकडून विचारणा आली. मुलगा सचिवालयात, लवकरच भोपाळला जाणारा. दिवाळीनंतर बघायला येतो, असा निरोप होता. मी दादांना स्पष्ट सांगितलं की मला स्टुडिओ चालवायचा आहे.

"आणि काचेत काय लावशील?" दादांनी विचारलं. "अर्जाचे फोटो?"

"कालियादेह लावीन."

"तिकडे आता काय ठेवलंय? जेठ महिना आहे. चिखल वाळलेला आणि वानरं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, बेटा?"

"जे असेल त्याचा फोटो काढीन."

दादा हसले. मग बहुधा मला गप्प करण्यासाठीच म्हणाले, "असं कर. तिथून एक फोटो आण. काचेत लावावा असा मला वाटला, तर दिवाळीच्या पाहुण्यांना मी स्वतः नाही कळवतो आणि दुकानात तू बस. नाही वाटला, तर ही जिद सोडायची. मंजूर?"

मी मंजूर म्हटलं. आई पोळ्या लाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. एकटी मुलगी म्हणून दादांनी नेहमीच्या टांगेवाल्या चाचांना बरोबर दिलं. श्रावणातल्या सगळ्या सहलींना हेच चाचा असायचे. भैरवगढला छिप्यांनी छापलेली कापडं नदीच्या कोरड्या वाळूवर पसरली होती आणि धुवायला पाणी मिळेना म्हणून माणसं डबक्याशी वाट बघत बसली होती. पुढे जायला चाचांनी का-कू केली. "बाई, लू लग जाएगी," ते म्हणाले. मी पदर डोक्याला गुंडाळला आणि टांगा हाकायला लावला.

कालियादेह मी मोसमाशिवाय कधी पाहिलं नव्हतं. महालाच्या सज्ज्यात खरंच वानरं बसली होती. बायकांसाठी आडोशाची कनात लावायचे ते खांब तसेच उभे होते, कनात अर्थात नव्हती. फराळाच्या ओट्यावर कुणीतरी गोवऱ्या थापल्या होत्या. आणि ज्या कुंडांच्या काठावर मी लहानपणी आईचा पदर धरून भीत भीत बसायची, ती कुंडं तळापर्यंत उघडी पडली होती. पाण्याच्या नागमोडी वाटा, पायऱ्या, तळाचे दगड, सगळं दिसत होतं. मला वाईट वाटेल असं मी धरून चालले होते. तसं झालं नाही. मला फार आनंद झाला. इतकी वर्षं आम्ही या जागेचा फक्त वरचा थर पाहत होतो आणि खाली हे एवढं काम कुणीतरी करून ठेवलं होतं, जे पाण्याने कुणाला दिसू दिलं नव्हतं.

दादा जिथे तिपाई लावायचे तिथे मी मुळीच लावली नाही. मी सगळ्यात मोठ्या कुंडात उतरले आणि तळाशी उभी राहून वर बघितलं. काळ्या कापडाखाली भट्टी पेटली होती. कॅमेऱ्याच्या दुधी काचेवर चित्र उलटं पडतं, त्यामुळे महाल खाली लोंबत होता आणि कोरडा तळ आभाळाच्या जागी पसरला होता. सावल्या हव्या तितक्या तिरक्या होईपर्यंत मी थांबले. चाचा वरून दोनदा ओरडले, एकदा तर मला वेड लागलंय असं टांग्याच्या घोड्याला सांगितलं. मी होत्या तेवढ्या सगळ्या प्लेटा संपवूनच वर आले.

दुकानात परतले ती थेट अंधाऱ्या खोलीत. प्लेटा धुतल्या, सुकल्यावर एक निवडून तिचा मोठा प्रिंट काढला आणि दोरीला टांगला. तळाचा दगड न् दगड उमटला होता. एवढं बघितलं आणि मला भोवळ आली. चाचा म्हणाले तेच झालं होतं, लू लागली होती. पुढचे दोन दिवस मी माजघरात पडून होते. आई पायांच्या तळव्यांना कांदा चोळायची आणि तासातासाला कैरीचं पन्हं पाजायची. मी प्रिंटचं विचारलं की म्हणायची, "आहे गं, जागेवर आहे. तू आराम कर."

तिसऱ्या दिवशी मी उठून दुकानाकडे गेले. टावर चौकात पोचते तो काचेपुढे ही गर्दी. मला आधी वाटलं काही मारामारी झाली. पुढे घुसले तर काचेत माझा फोटो. आणि त्यातलं कुंड काठोकाठ निळं! तळ नाही, पायऱ्या नाहीत, नागमोडी वाटा नाहीत. मोरपिशी निळं पाणी, त्यावर महालाची हलती छाया, वर गुलाबी आभाळ. "वाह, क्या पानी है," एक जण म्हणाला. दुसऱ्याने आपल्या मुलाला उचलून दाखवलं, बघ, आम्ही इथे पोहायचो. रंग कुणाच्या हातचा ते मला सांगायला नको होतं.

दादा दारातच होते. इतके प्रसन्न मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. "आली का? बघ, सकाळपासून हेच चाललंय. तू जिंकलीस, बेटा. ग्वाल्हेरला पत्र टाकतो आज."

"दादा, तिथे पाणी नाहीये."

"मला काय माहीत नाही? जेठात कुठून येणार पाणी? पण फोटोत आहे ना. लोकांना पाणी पाहिजे."

"मग मी काय काढलं?"

"अगं, फोटोची बांधणी तुझी, उजेड तुझा. तू भोवळ येऊन पडलीस त्या गडबडीत मी तो न बघताच रंगवायच्या गठ्ठ्यात घरी नेला; रंग तर आई सगळ्यांच्याच फोटोला देते. डोकं नको खाऊ माझं."

खरं सांगते, मी क्षणभर गप्प राहिले असते तर मला हवं ते सगळं मिळत होतं. दुकान, कॅमेरा, दिवाळीच्या पाहुण्यांना नकार. नुसतं "बरं" म्हणायचं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे तो तळ होता आणि अंगात राग भरला होता. आज मी खोट्या पाण्यावर दुकानात बसले, तर उद्या कॅमेऱ्यामागे उभं राहून मी नक्की काय बघणार होते? मी आत गेले, काचेची मागची फळी काढली आणि फोटो उतरवला.

बाहेरची माणसं कुरकुरली. दादांचा चेहरा उतरला. "हात दाखवून अवलक्षण," ते म्हणाले. "लक्षात ठेव, फोटो उतरला तर शर्तही उतरली. दिवाळीनंतर ते लोक येतील आणि तू नीट साडी नेसून बसशील."

"बसेन," मी म्हटलं आणि फोटो घेऊन घरी आले.

आई खिडकीशी कुणाच्या तरी मुंजीचा फोटो रंगवत होती. मी तिच्यापुढे माझा फोटो ठेवला आणि टर्पेंटाइनची बाटली उचलली. तिने माझं मनगट धरलं. "माझं काम तू पुसणार?"

"तू माझं पुसलंस ते?"

"मी पुसलं नाही, भरलं. शेजारणीची वाटीसुद्धा आपण खाली-रिकामी परत करत नाही. चार दाणे साखरेचे तरी टाकतोच. आणि तू कुंडंच्या कुंडं खाली घेऊन चौकात मांडून राहिली! घरात लग्नाचं बोलणं चालू असताना? लोक काय म्हणतील, आणि मला कसं बघवेल ते? माझं पहिलं डोहाळजेवण तिथे झालं. दरबारच्या बायकांनी मला कुंडाच्या काठावर पाटावर बसवलं होतं. तुझ्याच वेळचं." तिने माझं मनगट सोडलं. "शिवाय प्लेट खराब होती तुझी. तळाला सगळीकडे डाग. मी झाकले म्हणून निभावलं."

प्लेट खराब नव्हती. प्लेट मी स्वतः धुतली होती. पण तळाशी काय आहे हे उन्हाच्या तिरिपेत मीही निरखून बघितलं नव्हतं. वाद घालून आई ऐकली नसती, तिची मुलगी मी उगाच नव्हते. मी बाटली खाली ठेवली आणि म्हटलं, "उद्या सकाळी माझ्याबरोबर चल. एकदा बघ आणि मग सांग, पुसायचं का नाही ते. तू नको म्हणालीस तर मी हात लावणार नाही."

ती येईल असं मला वाटलं नव्हतं. सकाळी ती माझ्याआधी तयार होती. महाल दिसल्यावर डोळे मिटून घेतले तिने, आणि कुंडापाशी मी हात धरून नेलं तेव्हा उघडले. मग नऊवारीचा काष्टा घट्ट करून ती पायऱ्या उतरायला लागली. ज्या पाण्यात ती जन्मभर घोट्यापलीकडे गेली नव्हती, त्याच्या तळाशी जाऊन उभी राहिली आणि खाली वाकली.

तळाच्या वाळलेल्या गाळात बांगड्या होत्या. फुटलेल्या, अर्ध्या, काही चक्क अख्ख्या. हिरव्या, लाल, बिलोरी. एक लाकडी फणी, एक जोडवं, शंखाचा तुकडा. पाण्यात हात मारता मारता बायकांच्या हातातून निसटलेलं सगळं तिथेच बसलं होतं. आई मांडी घालून खाली बसली आणि बोटांनी गाळ उकरायला लागली.

"बांगडी पडली की आम्ही हसायचो," ती म्हणाली. "म्हणायचो, शिप्रेला दिली. मला वाटायचं वाहून जात असेल कुठे तरी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हेच ना गं ते? मी डाग समजून झाकले ते हेच ना?"

मी मान डोलावली. ती रडली, मोकळेपणाने, पदर न लावता रडली. मीही रडले. काठावर चाचा पाठ फिरवून घोड्याला गवत घालत राहिले. निघताना मी एखादी बांगडी बरोबर घे म्हटलं तर तिने डोकं हलवलं. ती म्हणाली, "दिलेलं परत नसतं घ्यायचं," आणि हात झटकून पायऱ्या चढली.

घरी येऊन तिने फोटो, कापूस आणि बाटली पिशवीत घातली आणि मला म्हणाली, "चल दुकानात." दादा कुणाचा तरी अर्जाचा फोटो कापत बसले होते. आईने त्यांच्यासमोरच्या टेबलावरचं सगळं बाजूला सारलं. एरवी ती दुकानात पाऊल टाकायची नाही, दारातून जेवणाचा डबा द्यायची.

"तुम्ही मध्ये काही बोलू नका," तिने दादांना सांगितलं. "शर्त हिच्या फोटोवर होती. हिचा फोटो तुम्ही अजून पाहिलाच नाही."

तिने बोळा भिजवला आणि एका कोपऱ्यापासून निळा रंग पुसायला सुरुवात केली. वीस वर्षं ती रंग चढवत होती, उतरवताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. रंग ओलसरच होता, सहज निघत होता. आधी पायऱ्या आल्या, मग नागमोडी वाटा, मग तळ, आणि तळावरचे बारीक काळे-पांढरे ठिपके. गुलाबी आभाळही तिने ठेवलं नाही. बोळे निळे होत गेले आणि टेबलाखाली पडत गेले. दादांनी खणातून भिंग काढलं आणि फोटोवर धरलं. पहिल्यांदा भराभर फिरवलं, मग एका जागी थांबवलं.

"बांगड्या आहेत या," ते म्हणाले.

"आमच्या," आई म्हणाली.

दादा भिंगातून बघतच राहिले. "दर श्रावणात मी याच काठावर उभा असायचो," ते शेवटी म्हणाले. "एकदाही खाली उतरलो नाही." मग उठले, फोटो स्वतः नेऊन काचेत लावला, पिवळा पडलेला जुना फोटो फळीवरून काढून कागदात गुंडाळला आणि ग्वाल्हेरला पत्र लिहायला बसले.

तो फोटो काचेत होता तितके दिवस त्याच्यापुढे गर्दी झाली नाही, हे मात्र कबूल केलं पाहिजे. लोक येता-जाता बघायचे, पाणी कुठे गेलं म्हणून विचारायचे आणि अर्जाचा फोटो काढायला आत यायचे. तो मी काढायची. पुढे भोपाळ राजधानी झाली, अर्ध्या गल्लीची घरं तिकडे गेली, आणि जाण्याआधी सगळ्यांनी कुटुंबाचा एकेक फोटो माझ्याकडून काढून घेतला. प्रिंट सुकले की मी ते आईकडे न्यायची. ती कापूस काडीला गुंडाळायची, नळ्या पुढे ओढायची, आणि आधी मला विचारायची, "शालू कुठल्या रंगाचा होता गं?"